काढलेला फ्यूज आणि गुंडाळलेली वायर

पोलिसातल्या नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण मांडवगण फराट्याजवळच्या एका वस्तीवरचं ते जळीत कालच घडल्यासारखं समोर उभं राहतं. ते सांगायला घेतलं की आजही मला खुर्चीत बसवत नाही.

वस्तीवर एक वयस्क शेतकरी होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत. उतारवयात त्यांना सुतारकामाचा नाद लागला होता. घरामागे पत्र्याचं शेड, त्यात कटर, ड्रिल आणि रंधा मारायचं मोठं मशीन. एका दुपारी आप्पा घरात जेवत असताना ते शेड पेटलं आणि लोक पाणी घेऊन पोचेपर्यंत आतलं सगळं गेलं.

आम्ही आकस्मिक जळीत म्हणून नोंद केली. पंचनाम्याला गेलो तेव्हा मलाही वायरीचाच संशय होता. पण शेडच्या मागे मीटर होतं, त्याखालचा फ्यूज कुणीतरी काढून ठेवलेला दिसला. सोबतचा वायरमन म्हणाला, "साहेब, करंटच नव्हता तर शॉर्टसर्किट कुठनं व्हणार?" म्हणजे आग लावली होती, असाच अर्थ निघत होता.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. आग लागायच्या आधी आप्पांचा पुतण्या शेडमागून घाईने जाताना दिसला होता.

हा चुलतभावाचा मुलगा, शेजारीच राहणारा. रांजणगावला कंपनीत रातपाळी करून सकाळी यायचा आणि त्याचा डोळा लागतो न लागतो तोच आप्पांचं मशीन किंचाळायला लागायचं. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपायची. "एक दिवस पेटवून देईन तुमचं शेड!" हे वाक्य त्याने चारचौघांत म्हटलेलं होतं. कंपनीत कायम होण्याच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं आणि चारित्र्य पडताळणी बाकी होती. आप्पांनी त्याचं नाव घेऊन जबाब दिलाच होता. त्यावर गुन्हा दाखल झाला की पोराची नोकरी गेलीच समजायची.

चौकशीला बसवला तर हा गप्प. "मी न्हाई पेटवलं, साहेब," एवढंच म्हणायचा. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस आपली दुपार पाठ करून येतो. याच्याकडे सांगायला काहीच नव्हतं, नुसते तारवटलेले डोळे होते. मी चहा मागवला आणि आगीचं सोडून भलतंच विचारलं.

"झोप झाली का रे?"

एवढ्यावर तो ढसाढसा रडायला लागला. "फ्यूज मीच काढला, साहेब. बऱ्याच दिसांपास्नं काढतोय. आप्पांना वाटतं लाईट गेली. ते उठून जेवायला जात्यात, तवा माझा डोळा लागतो. उठलो की परत बसवतो."

"मग आधी का नाही बोललास?"

"फ्यूज काढला म्हणलं की आग बी मीच लावली म्हणणार सगळी."

खरंच होतं ते. कबुलीने तो सुटण्याऐवजी आणखीच अडकला. हवालदार म्हणाले, "साहेब, झालं की. घ्या फिर्याद." पण चोरून झोप मिळवणारा माणूस आग लावून सगळी वस्ती कशाला जागी करेल? हे काही माझ्या गळी उतरेना.

सकाळी पुन्हा वस्तीवर गेलो. आप्पा राखेत उभे होते. मी विचारलं, "वायरी कशा ठेवायचा?"

एवढ्या दुःखातही त्यांची मान ताठ झाली. "माझ्या शेडात पायात वायर यायची न्हाई, साहेब. मोठी एक्स्टेन्शन वायर सगळी रिळावर गच्च गुंडाळलेली. लागंल तेवढीच सोडायची, वावभर, दोन हात पसरून भरंल एवढी. मग मशीन लावायचं."

"रीळ कुठं असायचं?"

"दाराशी, बोर्डाखाली. भुसा बी झाडून तिथंच लोटतो."

मी तडक दाराशी गेलो! सगळ्यात जास्त जळालेला पत्रा दाराशीच होता आणि पंचनाम्यात वितळलेल्या वायरीचा गोळाही तिथेच मिळाला होता.

दौंडच्या बाजारातून तसंच रीळ आणवलं, एका सुताराकडून तसंच मशीन. विद्युत निरीक्षकांना बोलावलं आणि ठाण्याच्या आवारात वाळूच्या बादल्या मांडल्या. वायर आप्पांनी स्वतःच्या हाताने गुंडाळली, भोवती भुसा टाकला. मशीन सुरू करून त्यात फळ्या सारायला लागलो. बराच वेळ काहीच होईना. हवालदारांना थट्टा सुचली, "साहेब, त्याच्यावर चहा तरी ठेवू का?"

आणि वास आला! रिळाच्या आतले वेढे मऊ होऊन एकमेकांना चिकटत होते. आत चट् असा आवाज होऊन ठिणगी उडाली आणि मी ओरडलो, "बंद करा! पिन काढा!" करंट तुटला. थोड्या वेळाने भुशातून धुराची बारीक रेघ निघाली, मग लाल ठिपका, आणि भक्कन जाळ झाला. वाळू ओतता ओतता हवालदारच ओरडले, "करंट न्हाई आन् पेटलं की वो!" मी तर लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होतो.

निरीक्षकांनी समजावलं, की मोकळ्या वायरीची उष्णता हवेत जाते, गुंडाळलेलीची आतच कोंडते. मोठं मशीन लावताना वायर पूर्ण उलगडायची आणि पायात नको असेल तर आढ्याला टांगून आणायची. आप्पांनी फ्यूजला जाड तार घातली होती, म्हणून तोही उडाला नव्हता.

मी आप्पांना विचारलं, "मशीनवर तुमची पाठ कुठं असायची?"

"दाराकडं. कानात बोळं."

"आणि त्या दिवशी लाईट गेली नसती तर?"

शेडला दार एकच होतं. आप्पा उठून बाकावर बसलेल्या पुतण्याजवळ गेले. "माझी लाईट तू घालवायचास व्हय रं?"

"व्हय, आप्पा. चुकलं माझं."

"चुकलं काय म्हणतो, लेका! आत जळून मेलो असतो मी." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, माझा जबाब परत लिवा. पोराच्या नावाला डाग नको."

धमकी, भांडण, जागेवरची हजेरी, सगळे पुरावे एका दिशेला बोट दाखवत होते आणि माणूस निर्दोष होता. तेव्हापासून संशयिताइतकीच वस्तूचीही चौकशी करायची, हे मी प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो.

पोरगा कंपनीत कायम झाला. पेढे घेऊन ठाण्यात आले ते मात्र आप्पा एकटेच. मी विचारलं, "पुतण्या कुठाय?"

आप्पा हळू आवाजात म्हणाले, "झोपलाय. उठवला न्हाई."