सासूबाईंची जीभ आणि पाण्याची तारीख

आमच्या पाण्याच्या कारखान्यात बाटल्यांवर तारीख छापायचं यंत्र जिच्या ताब्यात आहे, तिला सगळे तारीखताई म्हणतात. पट्ट्यावरून बाटल्या खडखडत येतात, यंत्र फुस्स करतं आणि बाटलीच्या मानेवर काळे आकडे उमटतात. आकडा पुसट दिसला की ताई बाटली बाजूला काढते. काम नेटकं, पण घरी त्याला कवडीची किंमत नव्हती. घरी सासूबाई होत्या ना!

"पाणी कधी शिळं होतं का गं?" त्या म्हणायच्या. "नदी काय शिक्का मारून वाहते?"

"आई, पाणी नाही हो नासत," ताई समजावायची. "पण बाटली प्लॅस्टिकची. दिवस गेले, ऊन लागलं की तिची चव पाण्यात उतरते. बाहेरचा वासही आत झिरपतो. अमुक दिवसापर्यंत चव चांगली राहील, असा कारखान्याने दिलेला शब्द म्हणजे ती तारीख."

"सगळे विकायचे धंदे!" सासूबाई विषय मोडीत काढायच्या. स्वस्तात मिळालेली बाटल्यांची खोकी त्यांनी जिन्याखाली रचली होती, सासऱ्यांच्या रंगाच्या डब्यांना अगदी खेटून. तारीख केव्हाच उलटून गेली होती.

एका रविवारी सासूबाईंच्या शाळेतल्या मैत्रिणी आल्या. नेमकं नळाला पाणी नव्हतं आणि पिंपात तळाशीच थोडं उरलं होतं. सासूबाईंनी ऐटीत जिन्याखालच्या बाटल्या काढल्या. पहिला घोट घेताच एका मैत्रिणीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"अगं, पाणी पाजतेयस की आतून रंग देतेयस?"

हास्याचा स्फोट झाला. सासूबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. "सूनबाई, हिला काही होणार तर नाही ना?"

"एका घोटाने काही होत नाही. पण बाकीचं ओतून टाकू या," म्हणत ताईने कोपऱ्यावरच्या दुकानातून ताज्या बाटल्या आणल्या.

पण सासूबाई आता इरेला पेटल्या. एकेक जुनी बाटली उघडून हुंगू लागल्या. "ही डब्यांजवळची. ही आतल्या अंगाची, बरी आहे. आणि हिला... साबण!" खरंच, त्या खोक्यावर साबणाच्या वड्या ठेवलेल्या होत्या. मैत्रिणींनी त्यांचे डोळे रुमालाने बांधले आणि ताज्या बाटलीतलं, उकळून गार केलेलं, पिंपातलं असं पाणी चमच्याने पाजलं. एकही चुकलं नाही. टाळ्या काय, शिट्ट्या काय!

सोमवारी ताईने हे प्रयोगशाळेतल्या बाईंना हसत हसत सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक खेपेतल्या काही बाटल्या राखून ठेवतात आणि तारीख जवळ आली की चाखून बघतात. चाखणाऱ्यांपैकी एकजण नुकताच सोडून गेला होता. बाई म्हणाल्या, "अहो, मग घेऊन या ना त्यांना!"

सासूबाई आल्या, सगळे पेले चाखले आणि उन्हात राहिलेल्या बाटलीचं पाणी बिनचूक ओळखलं. आयुष्यभर घराबाहेर नोकरी न केलेल्या बाईला साठी उलटल्यावर कामावर घेतलं. ओळखपत्रावरचा फोटो त्यांनी दोनदा काढून घेतला. पहिल्यात म्हणे त्या फार गंभीर दिसत होत्या.

आता चाखायच्या दिवशी घरात सकाळी कांदा चिरायला बंदी असते. सासरे कुरकुरतात, पण डबा तेच भरून देतात. सासू-सून कारखान्याच्या बसमध्ये शेजारी बसतात, आणि खिडकीची जागा अर्थातच सासूबाईंची.

परवा नव्या ड्रायव्हरने विचारलं, "आजी, तुम्ही काय काम करता?"

"पाणी पिते," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे फुकट पिता, मला पगार मिळतो."