फाईल कुणी उघडली

शिवकन्येची आणि माझी ओळख कामातून झाली. मी बीडच्या कोर्टात वकिली करतो आणि उरलेल्या वेळात घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीसाठी जागांचे सर्च रिपोर्ट काढतो, म्हणजे जागेची मालकी निर्वेध आहे का ते जुन्या नोंदींतून तपासून देतो. कंपनीची शाखा एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर आहे. जिन्यात कायम पोरापोरींच्या सायकली लावलेल्या असतात. त्यातून वाट काढत वर गेलं की उजव्या हाताला शिवकन्येचं टेबल.

कर्ज मागायला आलेल्या माणसाचे कागद तपासायचे आणि कंपनीच्या पोर्टलवर चढवायचे, हे तिचं काम. आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा, खरेदीखत, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट. एकदा चहा पिताना ती मला म्हणाली होती, "काका, माणूस डॉक्टरला जेवढं सांगत न्हाई तेवढं आमच्या फाईलीत असतं."

त्यामुळे ती कागदांना फार जपायची. प्रत्येक झेरॉक्सवर तिरकी रेघ मारून 'फक्त घरकर्जासाठी' असं लिहायची आणि तारीख टाकायची. आधारच्या झेरॉक्सवरचे पहिले आठ आकडे मार्करने काळे करायची. एखाद्या गिऱ्हाइकानं घाईत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले, तर ते पोर्टलवर चढवून झाल्यावर स्वतःच्या फोनमधून पुसायची आणि समोरच्यालाही पुसायला लावायची. उठताना प्रत्येकाला एकच सांगायची, "ओटीपी कुणाला सांगायचा न्हाई. मी फोन करून मागितला तरी न्हाई."

ही सावधगिरी तिला कंपनीनं शिकवली नव्हती. तिचे वडील धुळाजी मेंढरं राखायचे. गाव वडवणीजवळ, पण वर्षातले सात-आठ महिने मुक्काम दुसऱ्यांच्या रानात. असंच एका मुक्कामाला कुणीतरी आलं, मेंढरांचा विमा काढून देतो म्हणालं, आधारची झेरॉक्स आणि अंगठा घेऊन गेलं. सहा महिन्यांनी परजिल्ह्यातले पोलीस धुळाजीला शोधत आले. त्याच्या नावावर सिमकार्ड निघालं होतं आणि त्यावरून लोकांना फसवलं गेलं होतं. धुळाजीकडे तेव्हा स्वतःचा मोबाईलसुद्धा नव्हता. तीन दिवस तो माणूस पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होता. शिवकन्या अकरावीला होती. अर्ज तिनंच लिहिले, साहेबांसमोर तीच उभी राहिली. पुढं बी.कॉम. करून ती या शाखेत लागली, त्याला आता पाच वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता संगीता नावाची बाई शाखेत आली. आरोग्य उपकेंद्रात नर्स. सासर कडा गावाकडचं, घर मोठं, राजकारणात ऊठबस असलेलं. नवऱ्याला आणि ते घर सोडून तिला दोन वर्षं झाली होती. लेकीला घेऊन भाड्यानं राहत होती आणि आता स्वतःच्या नावावर वन बीएचके घेणार होती. सासरची माणसं आधी ती नोकरीला होती तिथं येऊन आरडाओरडा करायची, म्हणून तिनं बदली करून घेतली होती. फोन नंबर नवा घेतला होता. तो तिच्या आईला, लेकीच्या शाळेला आणि आता या कंपनीला, एवढ्यांनाच ठाऊक होता.

सह्या करण्याआधी तिनं विचारलं, "मॅडम, माझा पत्ता कुणाला कळणार न्हाई ना?"

"न्हाई कळणार," शिवकन्या म्हणाली. तिनं स्क्रीन वळवून दाखवली. फाईल एकदा वर चढली की गिऱ्हाईक आणणाऱ्या माणसांनासुद्धा नंबरचे शेवटचे चार आकडेच दिसतात, पत्ता दिसत नाही. पूर्ण फाईल शाखेत फक्त मॅनेजर आणि शिवकन्या उघडू शकत होते. तेही पासवर्ड टाकून आणि मग मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून.

संगीतानं मान हलवली आणि सह्या केल्या.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी शिवकन्येनं रजा घेतली. धुळाजीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. साडेअकराच्या सुमारास ती ऑपरेशन थिएटरबाहेर बसली असताना रविराजचा फोन आला. रविराज म्हणजे शाखेसाठी गिऱ्हाईकं आणणारा. बोलका, सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा. तिच्या वडिलांना दवाखान्यात सोडायला सकाळी त्यानंच गाडी दिली होती.

"ताई, गेवराईचे एक मास्तर येऊन बसलेत. त्यांचा एक कागद वर चढंना. मॅनेजर सायेब मीटिंगला गेलेत. तुमचा पासवर्ड सांगता का? पाच मिन्टाचं काम हाय."

तिनं सांगितला. क्षणात मोबाईलवर ओटीपी आला, तोही तिनं वाचून दाखवला. तेवढ्यात नर्सनं धुळाजीचं नाव पुकारलं आणि ती आत गेली.

त्या फोनविषयी ती मला नंतर म्हणाली, "मला तेव्हा काही चुकल्यासारखं वाटलंबी न्हाई, काका. घरातल्या माणसाला किल्ली द्यावी तसं दिलं."

पंधरा-वीस दिवसांनी संगीता शाखेत आली. आवाज चढवला नाही. खुर्चीत बसून तिनं मोबाईल पुढं केला. तिच्या नव्या नंबरवर तिच्या दिराचा, शिवशंकरचा मेसेज होता. 'वहिनी, तिसरा मजला चांगला बघितलाय. दिवाळीत येतो घर बघायला.' त्याआधीच्या रविवारी तो बांधकामावर जाऊनही आला होता. वॉचमनला त्यानं फ्लॅटचा नंबर नेमका सांगितला होता.

"हा नंबर आन् हा पत्ता, दोन्ही एका जागी फक्त तुमच्याकडंच होतं," संगीता म्हणाली. "मला एवढंच सांगा, कुणी दिलं?"

"मी बघते," शिवकन्या म्हणाली. तेव्हा तिला खरंच काही ठाऊक नव्हतं.

संगीता गेल्यावर तिनं मॅनेजरला सांगून त्या फाईलची नोंद उघडली. पोर्टलवर प्रत्येक फाईलची अशी नोंद असते. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता फाईल उघडली, कोणतं पान बघितलं. संगीताची फाईल मंजुरीनंतर एकदाच उघडली होती. शनिवार, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. बघितलेली पानं दोन, संपर्क आणि मालमत्ता. आणि उघडणाऱ्याचं नाव होतं, शिवकन्या.

मी त्या वेळी सर्च रिपोर्ट द्यायला तिथंच गेलो होतो. तिचा चेहरा मी पाहिला. मॅनेजरनं विचारलं, "हे तुमीच का?" ती म्हणाली, "न्हाई सर. पण नाव माझंच हाय." मग तिनं तो फोन, तो पासवर्ड, सगळं सांगितलं. मॅनेजरनं त्या नोंदीची प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. मग म्हणाले, "आज घरी जा. उद्या बघू."

खाली जिन्याजवळ तिला रविराज भेटला. तिनं विचारल्यावर त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. शिवशंकर त्याच्या ओळखीचा होता, त्याच्या शब्दावर चार-सहा गिऱ्हाईकं यायची. शिवशंकरनं सांगितलं, आमच्या वहिनीनं कुठं घर घेतलंय तेवढं बघ. रविराजनं बघून दिलं. गेवराईचे मास्तर कुणी आलेच नव्हते.

"घरगुती मामला हाय ताई. दीर-भावजईचं. आपण कावून मधी पडायचं?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "आन् तुमी वर लिहून कळवलं तर मी म्हणन, मला काय ठाऊक न्हाई. नोंदीत नाव तुमचं हाय. आधी तुमीच जाल."

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवकन्येनं त्या संध्याकाळी मला फोन केला. मी वकिलासारखं सांगितलं, की मॅनेजर काय करतात ते आधी बघ, घाईनं काही लिहून देऊ नकोस. आज मला त्या सल्ल्याचा अभिमान नाही.

ती गावी गेली. धुळाजी ओसरीत बसला होता, डोळ्यावर काळा चष्मा. तिनं त्याला सगळं सांगितलं. नोकरी जाईल, मुख्य कार्यालयाला काय लिहायचं, रविराज काय म्हणाला, सगळं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईला सांगितलंस का?"

"न्हाई अजून."

"मंग आधी तिला सांग. बाकीचं तुझं हाय."

शिवकन्या मला म्हणाली, की दुपारपासून ती हजार गोष्टींचा विचार करत होती आणि त्यात संगीता कुठंच नव्हती, हे तिला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाखेत न जाता उपकेंद्रात गेली. लसीकरणाचा दिवस होता. व्हरांड्यात बाया पोरांना घेऊन बसलेल्या. शिवकन्या रांगेच्या शेवटी थांबून राहिली. शेवटचं पोर रडत बाहेर गेल्यावर संगीतानं हात धुतले आणि म्हणाली, "कळलं का?"

"कळलं. फाईल रविराज नावाच्या माणसानं उघडली. पण माझ्या पासवर्डनं. तो मी त्याला दिला होता."

संगीतानं हात पुसून टॉवेल खिळ्याला अडकवला.

"तुमीच मला म्हणलात ना, ओटीपी कुणाला देऊ नका."

"हो."

"जा तुमी," संगीता म्हणाली. "मला काम हाय."

शिवकन्या फाटकापर्यंत गेली, तेव्हा मागून हाक आली. संगीता दारात आली होती. "आता मी काय करायचं तेवढं सांगा."

दोघी तिथंच पायरीवर बसल्या. शिवकन्येनं सांगितलं, की कंपनीकडे लेखी तक्रार द्या, त्या नोंदीची प्रत मागा, तुमचा तो हक्क आहे. ती प्रत आणि दिराचा मेसेज घेऊन पोलिसांत जा. "आन् तक्रारीत माझं नाव लिहा," ती म्हणाली. "न्हाई लिहिलं तर रविराजपर्यंत कुणी पोचणार न्हाई."

शाखेत येऊन तिनं मुख्य कार्यालयाला स्वतःचा जबाब पाठवला. मराठीत, दीड पान. मी वाचलाय तो. त्यात एकही सबब नव्हती, ऑपरेशनचासुद्धा उल्लेख नव्हता. मी कारण विचारलं तर म्हणाली, "ते लिहिलं असतं तर वाचणाऱ्याचं ध्यान तिकडंच गेलं असतं." जबाबाच्या शेवटी तिनं एक मागणी केली होती. गिऱ्हाइकाची फाईल कुणीही उघडली की त्याच क्षणी गिऱ्हाइकाला मेसेज गेला पाहिजे. संगीताबाईंना त्या शनिवारीच कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी विचारलं असतं.

आठ दिवसांनी पुण्याहून राजनंदिनी नावाच्या अधिकारी आल्या. गिऱ्हाइकांच्या माहितीची सुरक्षा हे त्यांचं खातं. वयानं शिवकन्येएवढ्याच असतील. शांतपणे सगळ्यांना एकेक करून आत बोलावलं. रविराजनं ठरवल्याप्रमाणे कानावर हात ठेवले. पण शनिवारी फाईल शाखेतल्याच कॉम्प्युटरवरून उघडली होती, आणि त्याच वेळी शिवकन्या दवाखान्यात होती, हे तिथल्या रजिस्टरमधल्या सहीवरून दिसत होतं. शाखेच्या कॅमेऱ्यात तिच्या खुर्चीवर रविराज दिसला. संध्याकाळपर्यंत त्यानं कबूल केलं. त्याची नोकरी गेली.

शिवकन्येला दोन महिने घरी बसवलं. नंतर परत घेतलं, पण लेखी ताकीद देऊन, आणि फाईली उघडण्याचा अधिकार वर्षभरासाठी काढून. त्या वर्षी तिला मोठ्या शाखेत बढती मिळायची होती, ती राहिली. राजनंदिनीबाईंनी जाताना तिला सांगितलं, "तुमचा जबाब नसता तर आम्ही इथपर्यंत आलो नसतो. पण पासवर्ड तुम्हीच दिलात, ते मला सोडून देता येणार नाही." शिवकन्या म्हणाली, "सोडू बी नका, मॅडम."

पोलिसांनी शिवशंकरला बोलावून घेतलं. त्याच्यामागे एक मोठं नाव होतं, त्यामुळे फार काही होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण कंपनीनं शिक्कामोर्तब करून दिलेली नोंद आणि त्याचा स्वतःचा मेसेज समोर ठेवल्यावर, घराच्या आसपास फिरकणार नाही असं त्याला लिहून द्यावं लागलं. बिल्डरनं संगीताला दुसऱ्या इमारतीत फ्लॅट बदलून देण्याची तयारी दाखवली. तिनं दोन दिवस विचार केला आणि बदलून घेतला. घाबरून न्हाई, असं नव्या फ्लॅटचा सर्च रिपोर्ट काढताना तिनं मला सांगितलं. दुसऱ्या इमारतीत लेकीच्या शाळेची बस थेट खाली थांबते.

वास्तुशांतीला तिनं शाखेतल्या कुणालाच बोलावलं नाही.

मेसेजची सोय सुरू व्हायला सात-आठ महिने लागले. कंपनीच्या सगळ्या शाखांत ती एकदमच सुरू झाली. सुरुवातीला लोक घाबरून फोन करायचे, की आमची फाईल कुणी का उघडली. मग सवय झाली. शिवकन्येचा काढून घेतलेला अधिकारही वर्ष संपल्यावर परत मिळाला.

यंदा मार्चमध्ये मी शाखेत बसलो होतो. टॅक्ससाठी व्याजाचं प्रमाणपत्र न्यायला गर्दी होती. संगीता आली. दोन टेबलं रिकामी होती, पण ती शिवकन्येसमोर जाऊन बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शिवकन्येनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, मोबाईल बघून ओटीपी टाकला. संगीताच्या पर्समध्ये फोन वाजला. तिनं चष्मा लावून मेसेज पूर्ण वाचला.

"तुमचंच नाव आलंय," ती म्हणाली.

"मीच हाय," शिवकन्या म्हणाली आणि प्रिंट द्यायला उठली. संगीतानं फोन पर्समध्ये ठेवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, की या प्रमाणपत्रावर सही-शिक्का लागतो का नुसती प्रिंट चालते. मी म्हणालो, नुसती चालते.