महासेनापतीची कोरी छाती

मी लिहीत असलेल्या अद्भुत कादंबरीत मठात राहून तलवार चालवणाऱ्या संन्याशांचा एक पंथ आहे. मुखपृष्ठावर त्यांच्या महासेनापतीचा फोटो हवा होता आणि त्या पदाला लायक असा माझ्याशिवाय दुसरा कोणी मला साताऱ्यात दिसेना. म्हणून जांभळी मखमल, खांद्यावरच्या सात सूर्यांचं चित्र आणि घडवून घेतलेली नऊ पदकं घेऊन मी झगा शिवून घ्यायला फौजी वर्द्या शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो.

दातांत टाचण्या धरूनच तो बोलायचा. माझ्या आधी एक निवृत्त सुभेदार होते. त्यांच्या कोटावर प्रत्येक पदक लावताना तो विचारायचा, "ह्ये कुठलं?" सुभेदार ठिकाण सांगायचे, मगच सुई चालायची.

माझी पाळी आली. मी सूर्यांचा अर्थ सांगितला, झग्याच्या काठाचाही सांगितला. त्यानं पहिलं पदक उचललं.

"ह्ये कुठलं?"

मी त्याला कादंबरीबद्दल सांगू लागलो. दोनशे पानं लिहून झाली होती. त्यात पोशाख होते, दीक्षाविधी होते, लढाई एकही नव्हती.

त्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आवं, म्हंजी ह्यो सेनापती लढलाच न्हाई व्हय?"

आठवड्यानं झगा मिळाला. सूर्य झकास, पोटाशी न सांगता दोन इंच वाढवलेला, छाती मात्र कोरी. पदकांची पुडी त्यानं माझ्या हातात ठेवली.

"लढाई लिवली की या. तवा लावतो."

तेव्हापासून मी रोज सकाळी लढाई लिहायला बसतो. काल तलवारीच्या म्यानावरची नक्षी पूर्ण झाली.