खाऱ्या राजाचा शेवट आणायला

आमच्या घरात माझं लिखाण कोणी वाचत नाही. तक्रार नाही, छापून आल्यावर मीही वाचत नाही. पण माझी चौदा वर्षांची मुलगी नंदा एका लेखिकेची पुस्तकं ताटाशेजारी उघडी ठेवून जेवते, आणि आमटीचे डाग पडलेली तीच पुस्तकं मैत्रिणी रांग लावून नेतात. डाग पडावेत इतकं माझं पुस्तक कोणी जवळ घेतलेलं नाही.

ही लेखिका म्हणजे प्रमिलाबाई. त्यांच्या कथामालेत भिवा नावाचा कोळ्याचा पोरगा आहे. त्याच्या बापाला समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या खाऱ्या राजानं धरून नेलंय. तिथं धरलेल्या माणसांना काम एकच, डोक्यावरून जाणाऱ्या लाटा मोजायच्या. चुकलं की पहिल्यापासून. बाईंनी सरकारी कचेरीत नोकरी केलेली दिसते, असं मी म्हणालो, तर नंदा दोन दिवस बोलली नाही. चार पुस्तकं झाली, बाप अजून तळाशीच. पाचवं आणि शेवटचं जाहीर होऊन वर्ष उलटलं, तरी पत्ता नाही.

बाईंचे आणि माझे प्रकाशक एकच. ते म्हणाले, "तुम्ही पालघरकडे जाऊन या. प्रवासवर्णन लिहा, नि येताना शेवटचं प्रकरण घेऊन या. आम्ही पत्रं लिहिली की बाई उत्तरात केळी पाठवतात."

निघताना नंदा म्हणाली, "शेवट घेऊनच या, बाबा."

"आणि बाप मेलेला असला तर?"

"तर येऊ नका."

आमची सौ. म्हणाली, "सुके बोंबील आणा." निदान एक काम तरी जमण्यासारखं होतं.

ज्यांना जायचं असेल त्यांना आधीच सांगतो, हे माहीम मुंबईतलं नव्हे. हे पालघरचं माहीम, केळव्याच्या शेजारचं. विरारपर्यंत विजेची गाडी, पुढं कोळशाची. खिडकीशी बसू नये, बसलात तर पांढरा सदरा घालू नये. मी दोन्ही केलं आणि पालघरला उतरलो तेव्हा मला कोणी लेखक समजण्याचा धोका राहिला नव्हता. स्टेशनाबाहेरून माहीमची एसटी मिळते. ती भरली की सुटते. भरली कधी, ते कंडक्टर ठरवतो.

माझ्या पुढ्यात एक मावशी मासळीची पाटी घेऊन चढली.

"मावशी, पाटी टपावर. वास येतोय," कंडक्टर म्हणाला.

"जेवताना येतो का रे तुला वास?"

पाटी माझ्या पायाशी आली. मुक्कामापर्यंत आम्ही तिघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं.

माहीमला उतरलं की नारळी-पोफळी, केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव आणि त्यांतून जाणारे थंडगार पाट. प्रमिलाबाईंचं कौलारू घर अशाच एका वाडीत आहे. बाई गावच्या शाळेत शिकवतात. वय पस्तिशीचं, बोलणं कमी, सोबतीला एक आत्या, तिचं बोलणं भरपूर. थंडीचे दिवस, म्हणून आत्यांनी कंद, वांगी, शेंगा घातलेली उकडहंडी केली होती. नुसत्या या एका पदार्थासाठी पौषात इकडं यावं.

मी सवयीप्रमाणे लिंबाची फोड उचलून ताटाबाहेर ठेवली.

"लिंबू चालत नाही का?" आत्यांनी विचारलं.

"चालतं की. शेवटी भातावर लागतं."

"मग बाहेर कशाला काढलंत?"

लग्न झाल्यापासून सौ. हाच प्रश्न विचारते आहे.

जेवणानंतर बाईंचं पुस्तकांचं फडताळ पाहिलं. लेखकाच्या घरी गेलं की मी आधी तेच करतो. माणूस काय लिहितो यापेक्षा काय वाचतो त्यावरून अब्रू कळते. फडताळात पंचांगं होती, केळीवरच्या रोगांची पुस्तिका होती, आगगाड्यांचं वेळापत्रक होतं, आणि मचव्याला नव्यानं बसवतात त्या डिझेल इंजिनाचं तेलकट माहितीपत्रक होतं. परीकथा, जादू, राक्षस यांतलं काही नाही.

"जादू मी लिहिते," बाई म्हणाल्या. "वाचायला मला खरंच लागतं. चौथ्या पुस्तकात खाऱ्या राजाची पालखी मध्येच बंद पडते ना? ती का बंद पडली, ते त्या इंजिनाच्या कागदात आहे. मुलं उडणारी पालखी मान्य करतात. कारण नसताना बंद पडलेली नाही मान्य करत."

"आणि गादीखाली काय आहे, तेही सांग पाहुण्यांना," आतून आत्यांचा आवाज आला.

गादीखाली रहस्यकथा होत्या. खुनी कोण ते पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं. "आधी कळलं की झोप लागते," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

मी शेवटच्या प्रकरणाचं विचारलं. हसू गेलं. "उद्या सकाळी किनाऱ्यावर या," एवढंच म्हणाल्या.

किनाऱ्यावर सुरूच्या बनापलीकडं बांबूंचे उभे-आडवे सांगाडे असतात, त्यांना वलांडी म्हणतात. त्यावर बोंबील वाळत घालतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. बायकांचे हात हे इतक्या वेगानं करतात की बघणाऱ्याला जादू खोटी वाटावी.

प्रमिलाबाईंची लिहिण्याची रीत इथं कळली. प्रत्येक प्रकरण त्या रविवारी सकाळी या बायकांना वाचून दाखवतात. ऐकताना हात थांबले, तर प्रकरण पास. चालत राहिले, तर फाडायचं. मुंबईतल्या समीक्षकांपेक्षा ही पद्धत बरी. तिथं हात चालतात की नाही तेच कळत नाही.

"ही वाचायला लागली की आमचं नुसकान," हिरामावशी मला म्हणाली. ती या सगळ्यांत थोरली. "हात थांबलं की बोंबील वाळूत. वाईट लिव म्हनावं जरा."

"तुमी मुंबईचं काय?" दुसरीनं विचारलं. "तुमीपन लिवता?"

"लिहितो थोडं."

"मंग वाचा की. आज मासळी जास्ती हाय."

म्हणजे माझ्या वाचनानं कामाचा खोळंबा होणार नाही, हे तोंड बघूनच ठरलं होतं.

या बायकांत यमुना होती. तिशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू, कमी बोलणारी. परत येताना बाईंनी सांगितलं ते तिच्याबद्दल. बाईंनी पहिलं पुस्तक वाचून दाखवलं तेव्हा यमुनाचा नवरा शेजारी जाळं दुरुस्त करत बसला होता. भिवाच्या बापाला राजानं लाटा मोजायला बसवलं, तसा तो हसून म्हणाला होता, "बरं हाय की, बसून काम." दोन वर्षांनी त्याचा मचवा गेला तो आला नाही. माणसं मिळाली नाहीत, फळीही मिळाली नाही. यमुना कुंकू लावते, आणि कोणी काही म्हणत नाही.

"आता मी काय लिहू?" बाई म्हणाल्या. "बाप परत आणला तर तिला खोटी आशा दाखवली. नाही आणला तर तिच्या तोंडावर सांगितलं, की येत नसतो. तिला सोडून दुसरीकडं वाचू म्हणता? मग तिला कळणार नाही का, का सोडलं ते?"

उपरोध हा माझा धंदा आहे. त्या पाटाच्या कडेनं चालताना तो उपयोगी पडला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई मला तारापूरकडं घेऊन गेल्या. कारण सांगितलं खाऱ्या राजाच्या तुरुंगासाठी मोठी इमारत बघायची आहे; खरं कारण, लिहायला बसायचं नव्हतं. पालघरहून गाडीनं बोईसर, तिथून बसनं समुद्राकडं. वाटेत मिठागरं, ताडाची झाडं आणि सगळ्यांवर ट्रकांची लाल धूळ. किनाऱ्यावर अणूपासून वीज करायचं घर बांधतायत. आपल्या गोष्टींत राक्षस बाटलीत कोंडतात. इथं बाटलीच एवढी मोठी, की आतल्याची कल्पना करायला मी तयार झालो नाही. आत सोडत नाहीत, लांबूनच बघावं. बघून झालं की समोरच्या टपरीवर चहा घ्यावा. गोड असतो, कशाचा ते विचारू नये.

बाकावर एक मजूर बसला होता, हाताला सिमेंट. बाई टक लावून इमारत बघत होत्या, म्हणून त्यानंच विचारलं, "क्या देख रही हैं, बहनजी?"

"यहाँ से लोग घर कब जाते हैं?" बाईंनी भलताच प्रश्न केला.

"मैं तो तीन साल से नहीं गया." तो हसला. "छोटा वाला पैदा हुआ, तब यहीं था. अब जाऊँगा तो माँ से पूछेगा, ये कौन आदमी आया है?"

"फिर?"

"फिर क्या. उसकी माँ रोटी देगी, मैं खाऊँगा. वो दूर से देखेगा."

बाईंचा चहा निवला. परतीच्या गाडीत त्या मूठ मिटून खिडकीबाहेर बघत होत्या. घरी पोचल्या आणि आत्यांना म्हणाल्या, "मला हाक मारू नका."

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. बाईंनी कागद काढले.

भिवाचा बाप परत येतो. पण इतकी वर्षं मीठ अंगावर बसून तो पांढरा झालाय. गावात कोणी ओळखत नाही, खुद्द भिवाही नाही. ज्यानं बापासाठी चार पुस्तकं समुद्र पालथा घातला, तो पोरगा दारात उभं राहून विचारतो, आई, हा कोण माणूस? मग आईला त्याच्या पाठीवरचा तीळ दिसतो.

हात थांबत गेले. हिरामावशीच्या हातातला बोंबील वाळूत पडला, तिनं उचलला नाही. वाऱ्यानं कागद वाजत होते तेवढंच. फक्त यमुनाचे हात चालू होते. जोडी लावायची, टाकायची. जोडी लावायची, टाकायची. आधीपेक्षा भराभर.

बाईंनी ते पाहिलं. वाचन संपवलं, कागदांची चळत केली आणि मधोमध धरली.

"फाडू नको, मास्तरीनबाय," यमुना म्हणाली. मान वर केली नाही. "मी हात थांबवलं असतं, तं ते परत चाललं नसतं."



मग तिनं हातातली जोडी बांबूवर टाकली. "पन ते तिलाचं काढ. बायको काय तील बघत बसते?"

"बघते की गो!" हिरामावशी म्हणाली, आणि सगळा किनारा खदखदा हसला. यमुनाही.

"गप गो मावशी. आदी त्याला जेवायला वाढ म्हनावं. येवढा आलाय तो. जेवताना कळतं मानूस." तिनं ओल्या हातांनी हवेत ताट धरून दाखवलं. "आमचं मानूस ताट फिरवून घेतं. मी कसंबी वाढू, मासा आपल्या बाजूला. फिरवू दे त्याला ताट. मंग कळंल तिला."

"चालेल तुला?" बाईंनी हळूच विचारलं. "तो आलेला?"

"भिवाचा बाप हाय ना? येऊ दे की." मग पुढची जोडी लावत, "एक तरी येऊ दे."

बाईंनी तिथंच वाळूत बसून तीळ खोडला.

मी संध्याकाळच्या गाडीनं परतलो. पिशवीत प्रकरणाची प्रत आणि बोंबील, दोन्ही एकाच कागदात नकोत म्हणून आत्यांनी प्रकरण केळीच्या पानात बांधून दिलं होतं. तरी प्रकाशकांना वास आलाच.

तुम्ही जाणार असाल तर जा. किनारा चांगला आहे, उकडहंडी फार चांगली आहे. पण वलांडीशी उभं राहून कोणाला गोष्टी-बिष्टी विचारू नका. कामाची वेळ असते. मी बरोबर काय आणलं म्हणाल तर एक शंका. इतकी वर्षं मी लोकांना हसवत आलो, त्यांचे हात कुठं होते ते कधी बघितलं नाही. यमुनाचा नवरा आलेला नाही. ते कुठल्याच पुस्तकाच्या हातात नाही. पण कुठल्या तरी घरात आमटीचे डाग पडलेल्या पुस्तकात तो ताट फिरवून मासा आपल्या बाजूला करून घेईल, एवढी व्यवस्था तिनं केली.

प्रकाशकांच्या आधी प्रकरण नंदानं वाचलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, मोठ्यानं, आईला ऐकू जाईल असं. मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. मध्येच पोळपाटाचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला. पोळी करपल्याचा वास आला, तेव्हा सुरू झाला.

जेवायला बसलो. सौ.नं पान घेतलं, मीठ-लिंबू वाढलं. मी लिंबाची फोड उचलली आणि बाहेर ठेवली.

नंदानं आईकडं पाहिलं. "आई," ती म्हणाली, "आपलेच आहेत."

"मग वाढ त्यांना," सौ. म्हणाली.