आधी दोरी, मग अक्षरे

वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर लालबागच्या एका मराठी शाळेत दुसरीच्या वर्गाला सुलेखन शिकवण्याचे काम मी मागून घेतले. माझा नियम एकच: आधी अक्षरे काढायची, शब्द पूर्ण झाला की वरून रेघ द्यायची.

वर्गातल्या एका मुलीने हा नियम मानला नाही. ती पट्टीने पानभर आडव्या रेघा मारून घेई आणि मग त्यांना खालून अक्षरे लटकवी.

"असं का करतेस?"

"सर, आधी दोरी बांधतात. मग कपडे वाळत घालतात."

चाळीच्या गॅलरीत ती हे रोज पाहत होती. उत्तर मागच्या बाकावरून आले. "ए, तुझा 'ग' बघ किती खाली लोंबतोय! पिळला नाहीस काय?"

तिने 'ग' खोडला नाही.

शाळेच्या दाराजवळ सुविचाराचा फळा आहे. चांगले अक्षर असलेल्या मुलांना तो लिहायला मिळतो. तिची पाळी कधीच आली नव्हती आणि ती दर आठवड्याला विचारायची. शेवटी मी अट घातली: सोमवारी फळा तुझा, पण रेघ शेवटी. वेडेवाकडे झाले तर पुन्हा मागायचा नाही. तिने मान डोलावली.

सोमवारी मी पोहोचलो तेव्हा रेघ फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. 'नेहमी खरे बोला' अर्ध्यातच संपले होते. उरलेल्या रेघेवर एक शर्ट, दोन मोजे आणि एक पट्ट्यापट्ट्यांची मोठी चड्डी होती. चिमट्यांसकट.

समोर मोठ्या बाई उभ्या होत्या.

"ही चड्डी कोणाची?"

"आमच्या आजोबांची, बाई."

"ती इथे कशाला?"

"जागा उरली. दोरी रिकामी ठेवली की शेजारचे त्यांचे कपडे वाळत घालतात."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी फळ्याकडे पाहिले. मुलीने फळा गेला असे समजून खालचा ओठ बाहेर काढला होता. बाई पुढे झाल्या, चष्मा वर करून त्यांनी एकेक अक्षर तपासले. सगळी एका उंचीची होती. लोंबत एकही नव्हते.

"अक्षर चांगलं आहे. पुढच्या सोमवारीही तूच लिही," त्या म्हणाल्या. "आता ती चड्डी पुस."

तिने डस्टर घेतले आणि सांगितले तेवढेच पुसले. शर्ट आणि मोजे शाळा सुटेपर्यंत वाळत होते.