एका रंगाच्या वायरी एका ओळीत

मशीनच्या पूजेला माझी कधीच हरकत नव्हती. हळदकुंकू वाहा, झेंडूची माळ घाला, पेढा ठेवा. पण वायरी उपटायचं कुठल्या शास्त्रात सांगितलंय?

कळंबोलीतल्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे मी तेव्हा कॉम्प्युटरचं काम बघायचे. दोन मोठे सर्व्हर होते. वजनकाट्यापासून बिलापर्यंत सगळं त्यांच्यावर चालायचं. माहिती मात्र साठायची शेजारच्या स्टोरेजमध्ये, म्हणजे डिस्कच्या पेटीत. सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या वायरींसाठी मी नेटवर्कचा वेगळा स्विच मागितला, तर शेठ म्हणाले, ऑफिसचा आहे त्यातच भागवा. मग मी त्या एकाच स्विचवर व्हीएलॅन केले. अर्धे पोर्ट स्टोरेजचे, अर्धे ऑफिसचे, आणि मध्ये एक न दिसणारी भिंत. माझे कितीतरी रविवार त्यात गेले.

दसऱ्याच्या सकाळी मी पनवेलला घरी तोरण बांधत होते, तेवढ्यात फोन आला. मुहूर्ताचा पहिला ट्रक काट्यावर उभा आणि पावती निघेना.

जाऊन बघते तर स्विच लखलखीत. आमच्या मॅनेजरसाहेबांनी पूजेआधी सगळ्या वायरी काढून, पुसून, रंगवार परत लावल्या होत्या. निळ्या एका ओळीत, पिवळ्या एका ओळीत. त्यामुळे सर्व्हर गेले ऑफिसच्या पोर्टांत आणि प्रिंटर स्टोरेजच्या.

"आता कसं शोभतंय," ते म्हणाले. माझं डोकं सणकलं.

ट्रकचा ड्रायव्हर दारात येऊन उभा. "मॅडम, मुहूर्ताचा माल हाय, आमाला असं लटकवू नका."

वर शेठ सगळ्यांदेखत मलाच म्हणाले, "तुमच्या त्या भिंतीमुळे झालं हे. सगळी भोकं सारखी करून टाका. कुठलीही वायर कुठंही चालली पाहिजे."

चूक एकाची आणि बोलणी मला. मी दात ओठ खात एकेक वायर जागेवर लावली, सर्व्हर चालू केले, ट्रक बाहेर काढला. मग शेठसमोर गेले.

"भिंत पाडली तर ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरचा व्हायरस थेट तुमच्या सगळ्या हिशोबात शिरेल, शेठ. ते माझ्या हातून होणार नाही. मला फक्त सर्व्हरच्या खोलीची किल्ली द्या."

शेठ जरा नरमले. "भिंत राहू द्या," म्हणाले. "किल्ली मात्र मॅनेजरांकडेच राहील. रोज सकाळी तिथं धूप तेच घालतात ना."

सर्व्हरच्या खोलीत. रोज. धूप.