नानांचं दहीसाखर

कॉलेजच्या बास्केटबॉल टीमला नवा कोच आला की आमचे शेजारी नाना त्याच्या तळहातावर दहीसाखर ठेवायचे. हो, अमेरिकेत. कोच बिचारा आधी बघायचा, मग चाटायचा. फार वर्षांपूर्वी एकाला असं दिलं आणि त्या सीझनला टीम जिंकतच गेली. झालं, नानांची प्रथा पडली.

मूळचे नागपूरचे नाना त्याच कॉलेजच्या लॅबमधून रिटायर झालेले. गाव लहान, कॉलेज हेच त्याचं दैवत. पुढे टीम हरायला लागली तशी लोकांची सबुरी संपली. दोन सीझन झाले की कोच बदला. मी एकदा म्हटलं, "नाना, दही निघणाऱ्याच्या हातावर ठेवतात. तुम्ही येणाऱ्याच्या ठेवता, तो टिकणार कसा?"

"वहिनी, तुम्हाला गेम कळत नाही. दह्याला कशाला नावं ठेवता?"

गेम मला खरंच कळत नाही. नानांना सोबत म्हणून मॅचला जायची. घरी मांजरालाही 'अहो, सरका जरा' म्हणणारा हा माणूस तिथे गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा. "फायर हिम! घरी पाठवा त्याला!"

शेवटचा कोच आमच्याच गल्लीत राहायचा. त्याची धाकटी लेक एमा नानांच्या पायरीवर बसून चकल्या खायची. एकदा टीम वाईट हरत होती आणि नाना ओरडले. पुढच्या रांगेतली एमा वळली.

"नाना, दॅट्स माय डॅड."

नाना खाली बसले. त्यानंतर कधी ओरडले नाहीत. बाकीचे ओरडायचे, वैतागून अर्ध्यातून उठून जायचे. नाना मात्र शेवटपर्यंत बसायचे. मी चला म्हटलं की म्हणायचे, "ताटावरून अर्धवट उठू नये, वहिनी."

सीझन संपला आणि कोचला काढलंच. दारात सामानाचा ट्रक लागला, तसे नाना माझ्याकडे आले. "वहिनी, दही आहे का हो घरचं? माझं आंबलंय."

मी खिडकीतून बघत होते. कोचनं पहिल्या दिवसासारखाच हात पुढे केला. त्याचं बघून एमानंही केला. नानांनी दोघांच्या हातावर चमचा चमचा दही ठेवलं. वाटी परत द्यायला आले तेव्हा म्हणाले, "या वेळी तरी बरोबर माणसाला दिलं ना मी?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याच उन्हाळ्यात नाना गेले. झोपेतच.

आता नवा कोच आलाय. तरुण आहे, बायको गरोदर आहे. भाजी घ्यायला गेलं की लोकांची चर्चा एकच, हा तरी जिंकून देणार का. परवा तो भर उन्हात खोकी उतरवत होता. मी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"इज धिस फॉर लक?" त्यानं विचारलं. नानांचं कुणीतरी सांगितलं असणार.

"नो, नो," म्हटलं. "तहान लागली असेल ना तुला, म्हणून."